०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा: दूध, तेल, मध आणि सोन्याची घनता घरी मोजायला किती पुरतो?

‘पॉकेट स्केल’ म्हणून विकला जाणारा हा काटा मोबाईलएवढा असतो. झाकण उचललं की छोटी स्टीलची ताटली, चार-पाच बटणं आणि निळसर उजेडाचा पडदा. रिमोटला लागतात तसे दोन बारीक सेल. ऑनलाइन तो साधारण तीनशे ते सहाशे रुपयांत मिळतो. १००, २०० आणि ५०० ग्रॅम अशा क्षमता असतात. वरचं नाव काहीही असो, आतली मांडणी बहुतेक सारखीच: धातूची एक पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेले ताणमापक. वजन पडलं की पट्टी किंचित वाकते आणि तेवढ्यावरून ग्रॅम ठरतात. इथे २०० ग्रॅम क्षमतेच्या, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्याबद्दल लिहिलं आहे, आणि तेही एकाच कामापुरतं: रोजच्या वापरातल्या पदार्थांची घनता काढणं.

मत आधीच सांगतो. काटा घेण्यासारखा आहे, पण एकटा घेऊ नका. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. यातलं वस्तुमान हा काटा चोख देतो. घरगुती मोजणी फसते ती आकारमानात. म्हणून काट्याबरोबर ५० मिलीची काचेची घनता कुपी घ्या. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात ती मिळते; तिच्या काचेच्या बुचाला आरपार केसासारखं बारीक छिद्र असतं. मोजपात्र घेऊन भागणार नाही. १०० मिलीच्या प्लॅस्टिकच्या मोजपात्रात एक मिली इकडे-तिकडे सहज होतं, म्हणजे एक टक्का चूक. एक टक्का ऐकायला कमी वाटतो. दुधाच्या हिशेबात तो लॅक्टोमीटरचे, म्हणजे दुधात तरंगवून घनता दाखवणाऱ्या काचेच्या नळीचे, दहा अंश होतो (घनता १.०२८ म्हणजे २८ अंश). दूध निखळ की पाण्याचं, हा सगळा वाद तीन-चार अंशांचा असतो.

कुपीची रीत अशी. कोरडी कुपी बुचासकट तोला. समजा ३१.४२ ग्रॅम भरली. पाण्याने काठोकाठ भरून बूच बसवा. जास्तीचं पाणी छिद्रातून वर येईल, ते टिपकागदाने बाजूने पुसा. छिद्राच्या तोंडावर कागद दाबून धरू नका, आतलं पाणीही शोषलं जातं. आता ८१.६६ ग्रॅम. म्हणजे पाणी ५०.२४ ग्रॅम.

इथे बहुतेक जण ‘पाण्याची घनता १’ धरून कुपी ५०.२४ मिलीची ठरवून टाकतात. ते ४ अंश सेल्सिअसच्या आसपास बरोबर आहे. पाण्याची घनता २० अंशांना ०.९९८२ असते, २५ ला ०.९९७०, ३० ला ०.९९५७ आणि ३५ ला ०.९९४०. आपल्याकडे उन्हाळ्यात माठाबाहेरचं पाणी तीसच्या घरात असतं. तेव्हा कुपीचं खरं आकारमान ५०.२४ भागिले ०.९९५७, म्हणजे ५०.४६ मिली. हा आकडा कुपीच्या खोक्यावर लिहून ठेवा, तो कायमचा उपयोगी आहे. कुपीवर कारखान्याने छापलेल्या ‘५०’ वर विसंबू नका.

मग कुपी कोरडी करून त्याच तापमानाचं दूध भरा. वजन ८३.३० आलं, तर दूध ५१.८८ ग्रॅम आणि घनता १.०२८. पाण्याची घनता १ धरली असती तर हेच दूध १.०३३ दिसलं असतं, म्हणजे पातळ दूधही घट्ट म्हणून खपून गेलं असतं. हा १.०३३ तसा निरर्थक आकडा नाही. ती त्याच तापमानाच्या पाण्याच्या तुलनेतली सापेक्ष घनता झाली. मात्र ती ग्रॅम प्रति मिलीतली घनता समजून लॅक्टोमीटरच्या आकड्याशी ताडून पाहायची नाही.

दूध मोजताना काट्यापेक्षा हात जास्त दगा देतो. धार काढल्यावर तासाभराच्या आत मोजलं तर दुधात हवा असते आणि स्निग्धांश अजून थिजलेला नसतो. आकडा कमी येतो. कुपीच्या खांद्याला चिकटलेला ०.१ मिलीचा बुडबुडा घनता दोन अंशांनी खाली ओढतो. बाहेर राहिलेला पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ ग्रॅमचा असतो. तो एका अंशाने वर नेतो. कुपी मुठीत धरली तर हाताच्या उबेने दूध फुगून छिद्रातून वर येतं. गळ्याला दोन बोटांनी धरावी. आणि फ्रिजमधलं दूध तसंच भरलं तर पडद्यावरचा शेवटचा आकडा थांबतच नाही: ८३.३१, ८३.३२, ८३.३४, असा चढत जातो. काटा बिघडलेला नसतो. थंड काचेवर हवेतली वाफ दव होऊन बसते आहे आणि काटा तिचंही वजन सांगतो आहे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे हमखास होतं. दूध, पाणी, कुपी तिन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

मग लॅक्टोमीटरच का घेऊ नये? घ्या, स्वस्त आहे आणि रोजच्या झटपट तपासणीला तोच बरा. पण त्याच्या दांडीवर लिहिलेलं तापमान वाचा. भारतीय मानकाचा लॅक्टोमीटर २७ अंशांसाठी आखलेला असतो. दूध त्याहून गरम असेल तर आकडा कमी दिसतो, थंड असेल तर जास्त. शिवाय तो मोकळा तरंगायला उंच भांडं आणि भरपूर दूध लागतं. भांड्याच्या कडेला टेकला की अडकतो. कुपीला ५० मिली पुरतं. गाईचं दूध साधारण १.०२८ ते १.०३०, म्हशीचं १.०३० ते १.०३२ आणि साय काढलेलं १.०३५ च्या वर. दहा टक्के पाणी घातलं की साधारण तीन अंश उतरतात.

या शेवटच्या दोन वाक्यांतच घनतेची मर्यादाही आहे. साय काढली की घनता वाढते, पाणी घातलं की घटते. दोन्ही बेताने केलं तर आकडा पुन्हा १.०३० वर येतो. साखर किंवा मीठ टाकूनही तो वर नेता येतो. म्हणून घनता कमी आली तर शंका घ्या, पण बरोबर आली म्हणून दूध शुद्ध ठरत नाही. संकलन केंद्रावर फॅट आणि लॅक्टोमीटर दोन्ही पाहतात ते याचसाठी.

तेलाला हा काटा फार सोयीचा. त्याच कुपीत ३० अंशांचं शेंगदाणा तेल भरून वजन ७७.३३ आलं तर तेल ४५.९१ ग्रॅम, घनता ०.९१०. एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं ते यामुळे. तेल पाण्यापेक्षा बरंच जास्त फुगतं. दहा अंश वाढले की घनता साधारण ०.००७ ने उतरते. ६० अंशांच्या तेलाचा लिटर मोजला तर तो ९०० ग्रॅमही भरत नाही. हीच पळवाट बंद करायला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये पॅकबंद तेलावर तापमानाचा उल्लेख न करता आकारमान आणि त्याबरोबर वजनही छापायला सांगितलं. पिशवी तपासायला मात्र हा काटा नको, २०० ग्रॅमला तो थांबतो. तिथे १० किलोचा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा लागतो. भरलेली पिशवी तोला, रिकामी झाल्यावर प्लॅस्टिक तोलून वजा करा. खोबरेल तेल हिवाळ्यात मोजू नका. साधारण २४ अंशांखाली ते थिजतं, थिजताना आकसतं आणि मध्ये पोकळ्या राहतात. तुपाचंही तेच, पूर्ण पातळ करून, तापमान लिहून मगच मोजावं.

स्वयंपाकघरातल्या काट्याचा विषय निघालाच आहे तर त्याच्या ‘मिली’ बटणाबद्दल सांगायलाच हवं. अशा अनेक काट्यांवर एकक बदलून मिली करता येतं. लोकांना वाटतं, आता हा आकारमान मोजतो आहे. काटा फक्त वजनच मोजतो. मिली दाखवताना तो समोरचा पदार्थ पाणी आहे असं धरून ग्रॅमचाच आकडा पुढे करतो. तेल ठेवलं तर लिटरभर तेलाला ९१० मिली दाखवेल, मधाला लिटरला १४०० च्या वर. काहींवर दुधाची वेगळी खूण असते, तिथे पाण्याऐवजी दुधाची घनता धरलेली असते, इतकंच. हे बटण पाण्याखेरीज कशालाही वापरू नका.

खिशातल्या काट्यावरही अशीच एक फसगत आहे. एककांच्या यादीत ‘टी एल’ अशी दोन अक्षरं येतात. ती तोळ्याची समजून दागिने तोलणारे बरेच आहेत. बहुतेक काट्यांवर ती चिनी ‘टेल’ या मापाची असतात, हाँगकाँगच्या हिशेबाने साधारण ३७.४३ ग्रॅम. आपला जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि आज सराफीत बोलीत तोळा म्हणजे १० ग्रॅम. काटा ग्रॅमवर ठेवा आणि ते बटण विसरून जा.

मध. कुपीच्या बारीक बुचात तो अडकतो. म्हणून रुंद तोंडाची छोटी बाटली आणि वर सरकवायला सपाट काच घ्या. बाटलीचं आकारमान आधी पाण्याने काढून ठेवा. चांगला मध १.४० ते १.४४ च्या दरम्यान येतो; अन्नसुरक्षा प्राधिकरणाची किमान मर्यादा २७ अंशांना १.३५ आहे. फेस असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, बुडबुडे वर येऊ द्या, मग खोलीच्या तापमानाला आणून तोला. १०० ग्रॅमचा काटा इथेच कमी पडतो: ५० मिली मध ७१ ग्रॅम आणि वर बाटली. क्षमतेत भांड्याचं वजनही धरलेलं असतं. टेअर बटणाने पडदा शून्य होतो, पट्टीवरचा भार उतरत नाही. मधात पाणी किती, याचा अंदाज घनतेवरून येतो. साखरेचा पाक मिसळला आहे का, हे कळत नाही, कारण तेवढाच ओलावा असलेल्या पाकाची घनता जवळपास तीच असते.

आता सोनं. यासाठी कुपी नको, लटकवण्याची रीत. हलका प्लॅस्टिकचा पेला पाऊण भरून काट्यावर ठेवा आणि टेअर दाबा. दागिना आधी कोरडा तोलून ठेवलेला असावा. मग तो मासेमारीच्या बारीक नायलॉन दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. दोरा हातात धरला तर आकडा नाचतो. दोन बाजूंना पुस्तकांच्या चळती आणि वर आडवी पेन्सिल, तिला बांधा. सुती दोरा पाणी पितो, तो नको. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की नक्षीत अडकलेले बुडबुडे सुटतात. पडद्यावर जे ग्रॅम येतील ते बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन.

२०.०० ग्रॅमची भरीव बांगडी पाण्यात १.१३ दाखवत असेल तर आकारमान १.१३ भागिले ०.९९५७, म्हणजे १.१३५ मिली, आणि घनता १७.६. बावीस कॅरेट सोनं साधारण १७.५ ते १७.८ असतं, तांबं आणि चांदी किती मिसळली त्यावर. अठरा कॅरेट १५ ते १६ च्या मधे, चोख सोनं १९.३२, चांदी १०.४९, पितळ ८.४ ते ८.७. शेवटचा आकडा एकाने इकडे-तिकडे झाला, म्हणजे १.१२ किंवा १.१४, तरी उत्तर १७.८ ते १७.५ मध्येच राहतं. बांगडीला काटा पुरतो.

तीन ग्रॅमच्या अंगठीला पुरत नाही. तिचा आकडा ०.१७ येईल, तो ०.१६ असेल तर घनता १८.७, ०.१८ असेल तर १६.६. एवढ्या फरकात कॅरेट सांगणं अशक्य. सोन्याचा मुलामा दिलेलं पितळ मात्र तीन ग्रॅमला ०.३५ दाखवेल, ते लगेच पकडता येतं. पोकळ झुमके, लाख भरलेल्या बांगड्या, खड्यांचे दागिने, काळ्या मण्यांचं मंगळसूत्र यांना ही रीत लावूच नका. आणि टंगस्टनची घनता १९.२५ असल्याने नाण्याच्या किंवा वळ्याच्या आत ते भरलं असेल तर घनतेवरून ते सुटून जातं. शुद्धतेची खात्री हॉलमार्कवरच करावी. दागिन्यावरचा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक (एचयूआयडी) ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून पाहता येतो.

भाज्यांना हीच रीत मोठ्या काट्यावर चालते. तरंगणारी वस्तू, बर्फ किंवा लाकडाचा तुकडा, सुईने दाबून पाण्याखाली ठेवली तरी आकडा तिच्या पूर्ण आकारमानाचाच येतो.

दाणेदार पदार्थांत घनता दोन असतात, आणि पाककृतींचे घोळ तिथूनच सुरू होतात. साखरेच्या कणाची घनता १.५९, पण वाटीत भरलेल्या साखरेची साधारण ०.८५. म्हणजे साखरेच्या वाटीत जवळजवळ निम्मी हवा आहे. कणाची घनता घरी काढायची तर पाणी चालत नाही, साखर विरघळेल. तेल वापरा. वरच्याच कुपीत २०.०० ग्रॅम साखर घातली आणि उरलेली जागा भरायला ३४.४७ ग्रॅम तेल लागलं, तर तेल ३७.८८ मिली, साखर १२.५८ मिली, घनता १.५९. पहिल्या खेपेला बहुधा १.५५ च्या आसपास येईल. दाण्यांमध्ये ०.३ मिली हवा अडकली की एवढा फरक पडतो. आधी थोडं तेल घालून कुपी हलकेच टिचकत राहा, बुडबुडे थांबले की मग भरा.

वाटीच्या मापाला ०.०१ ग्रॅमची गरज नाही, मोठा काटा घ्या. ‘एक वाटी’ घराघरात वेगळी. आपली वाटी किती मिलीची हे एकदा पाण्याने काढून ठेवा. यात एक बारीक चूक होते. सात सेंटिमीटर तोंडाच्या वाटीत पाणी काठाच्या वर दोन मिलिमीटर फुगून उभं राहू शकतं, सांडत नाही. तेवढ्या फुगवट्यात सात-साडेसात मिली असतात, दीडशे मिलीच्या वाटीत पाच टक्के. डोळा काठाच्या पातळीला आणा, पाणी सपाट दिसेल इतकंच ठेवा. नंतर पीठ. चाळून हलकं भरलेली कणीक मिलीला साधारण अर्धा ग्रॅम, तीच डब्यात वाटी खुपसून दाबून काढली तर पाव हिश्शाने जास्त. केकच्या पाककृतीत ‘दोन वाट्या मैदा’ लिहिणाऱ्याने ग्रॅम लिहिले तर अर्ध्या तक्रारी मिटतील.

काट्याचे दोष. सर्वांत त्रासदायक म्हणजे आपोआप बंद होणं. साधारण मिनिटभर हालचाल नसली की काटा झोपतो आणि टेअर पुसली जाते. कुपी भरून, पुसून परत ठेवेपर्यंत हे होतंच. उपाय: टेअरवर अवलंबून राहू नका, रिकाम्या कुपीचं वजन कागदावर लिहा आणि वजाबाकी करा. दुसरा दोष सरकण्याचा. वजन तसंच ठेवलं तर मिनिटभरात आकडा ०.०१-०.०२ ने हलतो. म्हणून ठेवल्यावर दर वेळी तेवढाच वेळ, पाच-सहा सेकंद, थांबून वाचा. पंखा बंद. सेल उतरले की शून्यच भटकायला लागतं. ताटलीवर अंगठा दाबून ‘चालतो का’ हे बघायचं नाही. पट्टी एकदा वाकली की काटा गेला. आणि यावर वैधमापनशास्त्र विभागाचा पडताळणी शिक्का नसतो, म्हणून विक्रीसाठी तो वापरता येत नाही. घरापुरता आणि शाळेच्या प्रयोगापुरता ठीक.

विकत घेताना २०० किंवा ५०० ग्रॅमचाच घ्या, आणि सोबत १०० किंवा २०० ग्रॅमचं जुळणीचं वजन येतं का ते पाहा. आल्या दिवशी तपासा. सेल घालून काटा कडप्प्याच्या सपाट ओट्यावर दहा मिनिटं ठेवा. वीस रुपयांचं नाणं ८.५४ ग्रॅमचं, २०१९ पासूनच्या मालिकेतलं दहाचं ७.७४ आणि पाचचं ६.७४ ग्रॅमचं. झिजलेली, मळलेली नाणी नकोत. वीसची पाच नवी नाणी मिळून ४२.७० च्या जवळ यायला हवीत. त्यानंतर एकच नाणं ताटलीच्या मध्यभागी आणि मग चारही कोपऱ्यांत ठेवून बघा. आकडा ०.०३ पेक्षा जास्त बदलला तर परत करण्याची मुदत संपायच्या आत काटा परत पाठवा.